माळ्यावरचं इंजिन जागं करताना

प्रत्येक घरात एक डबा असतो. बिस्किटांचा, पत्र्याचा, झाकण जरा वाकलेलं. आत जुन्या किल्ल्या, उडालेले फ्यूज, सुट्टे नट-बोल्ट आणि कशाचं तरी काहीतरी. दिवाळीच्या साफसफाईत तो खाली येतो, 'राहू दे, कामाला येईल' म्हणून परत वर जातो आणि एखाद्या वर्षी थेट भंगारवाल्याच्या पोत्यात. तुमच्या घरात, शेजारच्या आजोबांकडे किंवा कॉलेजच्या एनसीसी स्टोअरमध्ये अशा डब्यात मुठीत मावेल एवढं एक ॲल्युमिनियमचं यंत्र सापडलं, तर जरा थांबा. डोक्यावर थंडाव्यासाठी गोल चकत्या, पुढे दांडा, बाजूला बारीक सुईसारखा स्क्रू आणि सगळ्यावर मधासारखा चिकट, तपकिरी थर. हे आहे मॉडेल विमानाचं ग्लो इंजिन. ते मेलेलं दिसतं, पण बहुतेक वेळा फक्त झोपलेलं असतं.

त्याला उठवायचं कसं, यावर हा लेख आहे. वीकेंडला रील्स बघून डोळे दुखतात, त्यापेक्षा हे बरं. फक्त एक अट आहे : घाई चालणार नाही.

बॅटरी काढली तरी चालतं कसं?

मॉडेल विमानांची सुरुवातीची पेट्रोल इंजिनं गाडीसारखीच ठिणगीवर चालायची. ठिणगी म्हटली की कॉइल आली, कंडेन्सर आला, बॅटरी आली. एवढं वजन बिचाऱ्या बाल्साच्या विमानाने उचलायचं आणि वर उडायचंही! १९४७ मध्ये अमेरिकेतल्या रे आर्डन यांनी ग्लो प्लग बाजारात आणला आणि हे सगळं ओझं एका झटक्यात उतरलं. प्लगमध्ये प्लॅटिनमयुक्त तारेचं बारीक वेटोळं असतं. सुरू करताना त्याला साधारण दीड व्होल्ट द्यायचे, तार लाल-केशरी तापते. इंजिन धावायला लागलं की बॅटरी चक्क काढून घ्यायची. तरी इंजिन चालूच!

बारावीची केमिस्ट्री आठवतेय? कॅटॅलिस्ट. इंधनातल्या मिथेनॉलची वाफ प्लॅटिनमच्या संपर्कात आली की तारेच्या पृष्ठभागावर उष्णता देणारी प्रक्रिया होते. त्यात दाबली गेलेली हवा आणि आधीच्या स्फोटाची उरलेली ऊब यांची भर पडते. तार विझतच नाही. पुस्तकात दोन मार्कांपुरता असलेला कॅटॅलिस्ट इथे मिनिटाला दहा हजारांहून जास्त फेरे फिरवून दाखवतो.

मग या छोट्या इंजिनांची लाटच आली. अमेरिकेत कॉक्स कंपनीची ०.०४९ घनइंचाची, म्हणजे जेमतेम ०.८ सीसीची इंजिनं तिथल्या पोरांच्या हातात खेळण्यासारखी पोचली. जपानमध्ये ओसाकाच्या शिगेओ ओगावा यांनी १९३६ मध्ये सुरू केलेली ओ. एस. आणि तिच्याच देशातली एन्या, या दोन नावांची इंजिनं जगभर गेली. आपल्याकडे अशा इंजिनांशी ओळख व्हायची एक हक्काची जागा म्हणजे एनसीसीची एअर विंग. एरोमॉडेलिंग हा तिथल्या प्रशिक्षणाचाच भाग आहे आणि वायुसैनिक कॅम्पमध्ये त्याच्या स्पर्धाही होतात. दोन तारांना बांधलेलं विमान आपल्याभोवती गोल गोल फिरवायचं, ते 'कंट्रोल लाइन' प्रकरण तुमच्यातल्या कॅडेट्सनी पाहिलं असेलच.

एरंडेलाचा गुण, एरंडेलाचाच दोष

ग्लो इंजिनाचं साधं इंधन म्हणजे ८० टक्के मिथेनॉल आणि २० टक्के एरंडेल. हो, तेच, ज्याच्या नुसत्या नावाने आपल्या आधीच्या पिढीचा चेहरा एरंडेल प्यायल्यासारखा होतो. ताकद वाढवायला काही इंधनांत नायट्रोमिथेनही घालतात.

एरंडेलच का? एक तर ते अल्कोहोलमध्ये छान विरघळतं, बाकीची खाद्यतेलं तशी विरघळत नाहीत. दुसरं म्हणजे प्रचंड तापमानातही ते धातूला धरून राहतं. इंधन कमी पडून इंजिन जास्त तापलं, तर शेवटपर्यंत साथ देणारं तेल हेच. पण वापर थांबला की हाच गुण उलटतो. धातूला धरून बसलेलं एरंडेल वर्षानुवर्षं वाळत जातं आणि त्याचं व्हार्निश होतं. पिस्टन, दांडा, सगळं जणू डिंकाने चिकटवल्यासारखं जाम. बघणारा म्हणतो, 'गेलं इंजिन.' खरं तर त्या थराने बऱ्याचदा आतलं पोलाद गंजण्यापासून वाचवलेलं असतं.

म्हणून पहिला नियम पाठ करा : जाम इंजिनाला जोर लावायचा नाही. पकडीने दांडा पिळायचा नाही. धूर जायच्या खिडकीतून स्क्रू ड्रायव्हर घालून पिस्टन तर ढकलायचाच नाही. जाम इंजिन मोकळं होतं, ओरखडा पडलेला पिस्टन मात्र पुन्हा नीट होत नाही.

मग करायचं काय? ऊब द्यायची. हीट गन असेल तर उत्तम, नाहीतर हेअर ड्रायर. हाताला चटका बसेल इतकं इंजिन तापलं की वाळलेलं एरंडेल मऊ पडतं. मग जुना प्रोपेलर लावून हलक्या हाताने मागे-पुढे, मागे-पुढे. केसभर हललं तरी पुरे. थोडं पातळ तेल सोडायचं, पुन्हा ऊब, पुन्हा हलवणं. एका बैठकीत नाही सुटलं, तर रात्रभर तेलात बुडवून ठेवायचं आणि झोपायला जायचं.

बाहेरचा जळकट काळा थर काढायला जगभरचे छंदवाले एक युक्ती वापरतात. इंजिन सुटं करायचं, रबर-प्लॅस्टिक-कागद सगळं काढायचं आणि धातूचे भाग गाडीच्या कूलंटमध्ये मंद आचेवर काही तास ठेवायचे. थर सुटून येतो. पण लक्षात ठेवा, कूलंटमधलं इथिलीन ग्लायकॉल विषारी असतं. हे काम घराबाहेर, मोकळ्या हवेत आणि परत कधीही स्वयंपाकाला न वापरायच्या भांड्यात. आईच्या कुकरकडे बघूसुद्धा नका. आणि कॉस्टिक सोडा किंवा ड्रेन साफ करायची पावडर? अजिबात नाही. ती ॲल्युमिनियमच खाऊन टाकते.

आत डोकावताना

इंजिन उघडण्याआधी मोबाइल काढा आणि प्रत्येक टप्प्याचा फोटो घ्या. कनेक्टिंग रॉडची कुठली बाजू पुढे होती, पिस्टनच्या माथ्यावरचा उंचवटा कुठल्या दिशेला होता, हे परत जोडताना आठवत नाही. स्क्रू ड्रायव्हर खाचेत घट्ट बसणाराच घ्या. सैल असेल तर स्क्रूचं डोकं खराब होतं आणि मग अडीच सीसीचं इंजिन अडीच महिने पडून राहतं.

आत तीन गोष्टी बघायच्या. पहिली, बेअरिंग. मिथेनॉल हवेतला ओलावा शोषतं, त्यामुळे वापरून तसंच ठेवलेल्या इंजिनात बॉल बेअरिंग गंजतात. दांडा फिरवताना वाळू असल्यासारखी खरखर लागली तर समजा बेअरिंग बदलायचे. ते काढायला हातोडी नको, फिजिक्स वापरा : ॲल्युमिनियम पोलादापेक्षा जास्त प्रसरण पावतं. केस तापवली आणि लाकडावर हलकेच आपटली की बेअरिंग सुटून येतात. साध्या ब्राँझच्या बुशवर चालणारी इंजिनं याबाबतीत सुखी. गंजायला बॉलच नाहीत!

दुसरी गोष्ट, कॉम्प्रेशन. तेलाचे दोन थेंब टाकून प्रोपेलर हाताने फिरवा. वरच्या टोकाशी तो उसळी मारून मागे आला पाहिजे. काही इंजिनांत ॲल्युमिनियमचा पिस्टन आणि क्रोम चढवलेली पितळी स्लीव्ह असते. ती थंड असताना वरच्या टोकाला जरा चावते. तो बिघाड नाही, रचनाच तशी आहे. तापल्यावर मोकळी होते.

तिसरी, हवा कुठून चोरटी आत येतेय का. मागच्या झाकणाखालचं कागदी पॅकिंग फाटलेलं असेल तर नवं कापा. मोटारसायकलवाल्याकडे पॅकिंगचा कागद मिळतो. इंधनाची जुनी नळी बिनदिक्कत फेका, सिलिकॉनची नवी लावा. प्लग काढून दीड व्होल्ट द्या. तार पेटली तर ठीक, नाहीतर नवा प्लग.

मामाचे कान

आता हे सगळं मला कुणी शिकवलं ते सांगते. माझा मामा कॉलेजात एअर विंगचा कॅडेट होता. एका सीनियरकडून त्याने अडीच सीसीचं जपानी 'एन्या १५' विकत घेतलं, चार वर्षं उडवलं, मग नोकरी लागली, लग्न झालं आणि इंजिन डब्यात गेलं. गेल्या काही वर्षांत मामाचे हात थरथरतात. शर्टाचं बटण लावायलाही त्याला वेळ लागतो. तो डबा काढून बसला, तेव्हा एकेक स्क्रू मी सोडवत होते आणि तो समोर खुर्चीत बसून सांगत होता.

"मामा, हा निघतच नाहीये."

"जोर नको लावू गं. त्याला ऊब दे. माणसासारखंच असतं ते."

तिसऱ्या दिवशी दांडा फिरला. पाचव्या दिवशी गच्चीवर, जाड फळीला बोल्टने आवळलेलं ते इंजिन सुरू झालं. सुरुवातीला नुसता धूर आणि गडगड. मामा डोळे मिटून ऐकत होता. "अजून पाव आटा आत." मी सुई फिरवली. आवाज चढला. "अजून थोडं... बस. आता जरा मागे घे." त्याचा हात निडलपर्यंत पोचू शकत नव्हता, पण पस्तीस वर्षांनंतरही कान तिथेच होते. हे ज्ञान कुठल्या मॅन्युअलमध्ये पूर्ण मिळत नाही. ते ज्याच्याकडे आहे, त्याच्या शेजारी बसूनच घ्यावं लागतं. आणि ती माणसं कायम आपल्यासोबत असणार नाहीत.

इंधन : इथे मस्करी नाही

आता जरा गंभीर. मिथेनॉल विष आहे. दिसायला-वासाला साध्या दारूसारखं, पण थोडं पोटात गेलं तरी आंधळेपण किंवा मृत्यू. जून २०१५ मध्ये मुंबईत मालवणीच्या विषारी दारूने शंभरहून जास्त माणसं गेली, ती मिथेनॉलमुळेच. म्हणून १९१९ च्या विष कायद्याखालच्या नियमांनुसार त्याच्या विक्रीवर बंधनं आहेत. ते 'कुणाकडून तरी' बाटलीत भरून आणायची वस्तू नाही. परवानाधारक विक्रेता, एनसीसी युनिट किंवा एरोमॉडेलिंग क्लब यांच्यामार्फतच इंधन घ्या आणि शक्यतो तयार मिसळलेलं घ्या. डब्यावर ठळक अक्षरांत 'विष' लिहा. पाण्याच्या किंवा कोल्ड्रिंकच्या बाटलीत कधीच, कधीच ठेवू नका. ते त्वचेतूनही शरीरात जातं, तेव्हा हातमोजे घाला.

आणखी एक : मिथेनॉलची ज्योत दिवसा जवळजवळ दिसत नाही. आग लागलीय हे चटका बसल्यावर कळतं. इंधन भरताना जवळ कुणी सिगारेट ओढत असेल तर त्याला हाकला. मिथेनॉल पाण्यात मिसळतं, त्यामुळे पाण्याची भरलेली बादली शेजारी असू द्या.

जुन्या लोखंडी पिस्टनच्या इंजिनांना एरंडेल असलेलंच इंधन द्या. नायट्रो नसला तरी त्यातली बरीचशी आनंदाने चालतात. कॉक्ससारख्या चिमुकल्यांना मात्र थोडा नायट्रो आवडतो.

सुरू करताना

इंजिन कधीही हातात धरून सुरू करायचं नाही. जाड फळी, त्यावर घट्ट बोल्ट आणि फळी टेबलाला क्लॅम्पने आवळलेली. प्रोपेलर योग्य मापाचा हवा : अडीच सीसीला साधारण ८ बाय ४, म्हणजे आठ इंच लांब आणि चार इंच पिच. तडा गेलेला प्रोपेलर मोडून टाका, म्हणजे पुन्हा कुणी लावणार नाही. टाकी निडलच्या पातळीला ठेवा. चष्मा लावा. ओढणी, सैल बाही, गळ्यातली आयडी कार्डाची दोरी, सगळं बाजूला. बघायला आलेल्या मित्रमंडळींना प्रोपेलरच्या रेषेत उभं राहू देऊ नका. पातं तुटलं तर त्याच रेषेत उडतं.

निडल आधी हलकेच पूर्ण बंद करा, मग अडीच-तीन फेरे उघडा. प्लगची बॅटरी अजून जोडू नका. हवेच्या तोंडावर बोट ठेवून प्रोपेलर दोन-तीनदा फिरवा, इंधन नळीतून चढताना दिसेल. फिरवताना एकदम अडलं तर थांबा. आत इंधन जास्त झालंय आणि द्रव दाबला जात नाही. जोर लावलात तर कनेक्टिंग रॉड वाकेल. प्लग काढा, जास्तीचं इंधन बाहेर जाऊ द्या.

आता बॅटरी जोडा आणि समोरून बघताना घड्याळाच्या उलट दिशेने प्रोपेलरला झटका द्या. बोटाने नको, रबर चढवलेल्या काठीने. आठ इंचांचं पातं बोटाला काय करू शकतं, ते अनुभवायची गरज नाही.

फट... फट... आणि मग अचानक फुरर्रर्र! सुरू झालं की प्रोपेलरच्या मागे या. बॅटरीची क्लिप आणि निडल, दोन्ही मागूनच हाताळायचे.

गडगड ते किंकाळी

आता कान. निडल जास्त उघडी असेल तर आवाज जाड, गडगडता येतो आणि भरपूर धूर येतो. इंजिन टू-स्ट्रोकच आहे, पण इंधन जास्त झाल्याने ते एक आड एक फेऱ्याला पेटतं, म्हणून याला 'फोर-स्ट्रोकिंग' म्हणतात. निडल हळूहळू आत घेत गेलात की एका क्षणी आवाज फुटतो आणि एकदम वरच्या पट्टीत जातो. हार्मोनियमवर एक सप्तक वर उडी मारावी तसा.

तिथेच मोह होतो : अजून थोडं, अजून थोडं. पण इंधन कमी म्हणजे तेलही कमी, कारण तेल इंधनातच आहे. आवाज सर्वांत चढला की जरासं मागे या आणि तिथेच थांबा. बरीच वर्षं झोपलेल्या इंजिनाला पहिल्या दोन-तीन टाक्या तर गडगडत्या आवाजातच चालवा.

बंद करायचं तर इंधनाची नळी चिमटीत दाबा. प्रोपेलरला कशानेही अडवू नका. नळीतलं इंधन पूर्ण संपू द्या, मग प्लगच्या भोकातून आणि हवेच्या तोंडातून तेलाचे काही थेंब सोडून हाताने दहा-बारा फेरे द्या. ही दोन मिनिटं चुकवली की बेअरिंगला गंज चढायला सुरुवात होते.

पण कशासाठी?

रास्त प्रश्न. आज ब्रशलेस मोटर आणि लिपो बॅटरी घेतली की विमान उडतं. धूर नाही, चिकटपणा नाही, विषही नाही. नवीन शिकणाऱ्याने उडायला इलेक्ट्रिकच घ्यावं, यात वाद नाही. रेडिओवरचं मॉडेल बाहेर उडवणार असाल तर २०२१ चे ड्रोन नियम आणि तुमच्या भागाचा हिरवा-पिवळा-लाल नकाशाही आधी बघा. आणि ग्लो इंजिन सोसायटीत दुपारी दोन वाजता चालवू नका, सेक्रेटरी काय म्हणतील ते वेगळं सांगायला नको. मामाच्या गच्चीवर आम्ही शेजाऱ्यांना आधी विचारलं होतं आणि तीन मिनिटांत आटोपलं होतं.

पण मोटर बिघडली की आपण ती बदलतो. हे इंजिन उघडता येतं, समजून घेता येतं, दुरुस्त करता येतं. मेकॅनिकलवाल्यांनो, फळ्यावर पाहिलेली टू-स्ट्रोक सायकल इथे तळहातावर फिरते. सायन्सवाल्यांना कॅटॅलिस्ट दिसतो, म्युझिकवाल्यांना पट्टी ऐकू येते. आणि माझ्यासारख्या मास कॉमवालीला कळतं की काही मुलाखती समोर रेकॉर्डर ठेवून होत नाहीत, हातात पेचकस घेऊन होतात.

तेव्हा या रविवारी एवढंच करा. घरातल्या, बिल्डिंगमधल्या किंवा कॉलेजमधल्या एखाद्या मोठ्या माणसाला विचारा, 'काका, तुम्ही कधी मॉडेल विमान उडवलंय का हो?' दहातले नऊ नाही म्हणतील. दहावा आधी हसेल, मग स्टूल कुठे आहे ते विचारेल. तेव्हा त्यांना वर चढू देऊ नका, तुम्ही चढा. आणि डबा उतरवलात की झाकण त्यांना उघडू द्या.